घरातील बोलणे



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी धर्मग्रामाच्या वाटचालीविषयी पुष्कळ बोलले जाईल, व ते योग्यच होय. आम्ही मात्र आपणांस घटकाभर आपापल्या घराच्या ओसरीवर नेणार आहो. घरच्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, हा आमचा विषय. तो कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरी भांडण होते त्याहून ज्या घरी बोलणेच थांबते ते घर लवकर ओस पडते.

नागपूरहून राजनांदगावास जाणारा लोहमार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो. १८९३ च्या सुमारास या प्रवासात नारायण वामन टिळक यांच्या हाती एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ते कॅथलिक मंडळीतले नव्हते. तथापि त्यांच्या घरची गोष्ट आपल्या प्रत्येक घरची आहे. पतीचा निर्णय झाला. पत्नीचे मन मागेच राहिले. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या त्याही आपले सोवळेओवळे सांभाळीतच. टिळक स्वभावाने तापट. परंतु या एका बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. अखेर स्वतःच्या विचाराने लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा संताप व स्वतःचा हट्ट दोन्ही हसत सांगितले आहेत, कटुता कोठेही नाही. पतीने जिला अक्षरओळख करून दिली, तिनेच १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ काव्य पुरे केले.

यावरून आम्ही दोन गोष्टी शिकलो. मोठी गोष्ट घरी आधी बोलावी. मागाहून सांगितलेले सत्यही घाव घालते. आणि बोलून झाल्यावर समोरच्याच्या मनास वेळ द्यावा. उत्तर ओरबाडून घेऊ नये.

तिसरी गोष्ट काना गावच्या लग्नघरी पवित्र मरियेने शिकविली. द्राक्षारस सरला, तेव्हा तिने यजमानास बोल लावला नाही. काय उणे आहे तेवढेच पुत्रास सांगितले. आपण उणे सांगण्याआधी दोष सांगतो, म्हणून ऐकणारा कान झाकून घेतो.

आमच्याही घरी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून दोघा भावांचे बोलणे दोन हंगाम बंद होते. दोघेही मिस्सेस येत, निरनिराळ्या बाकांवर बसत, पापनिवेदनही करीत; परंतु ज्याचा अपराध केला त्यास मात्र काही सांगत नसत. तिसऱ्या रोवणीस थोरला धाकट्याच्या बांधीवर गेला व म्हणाला, “पऱ्हे पुरले का रे?” धाकटा म्हणाला, “दादा, थोडे कमी पडतील.” त्या दिवशी दोघांनी मिळून रोवणी केली. धुऱ्याविषयी चूक कोणाची, हे अद्याप ठरलेले नाही. ठरविण्याचे कारणही उरले नाही.

बंधुभगिनींनो, वेळ आपल्या हाती नाही, हे शहापूरकरांस निराळे सांगावयास नको. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत स्फोट झाला. सकाळी नित्याप्रमाणे कामावर गेलेली माणसे घरी परतली नाहीत. त्या घरांचे दुःख आम्ही शब्दांत मांडू शकत नाही. एवढेच म्हणतो, की उंबरठा ओलांडणाऱ्यास अबोल्याने निरोप देऊ नये. संत पौलाने इफिसकरांस सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा असे बजाविले. आम्ही म्हणतो, डबा हाती देण्यापूर्वीच सोडावा.

आज प्रार्थनेनंतर घरी गेल्यावर, ज्याच्याशी बोलणे अडले आहे त्यास एक साधा प्रश्न विचारावा. जेवलास का, एवढा पुरे. आपल्या ज्युबिलीची खरी घंटा तीच. प्रभू आपल्या घरांस शांती देवो.