पेण-रोह्याचे संसार इस्रायलमध्ये



पनवेलहून निघालेली गाडी पेण, कासू आणि नागोठणे मागे टाकून निडीच्या लहानशा स्थानकात येते, तेव्हा रोहे एका स्थानकावर उरलेले असते. हा लोहमार्ग रोह्यापर्यंत पोहोचला तो १९८० नंतरच्या दशकात. त्यापूर्वी तीन दशके, म्हणजे जिल्ह्याचे नाव अद्याप कुलाबा होते तेव्हा, याच पट्ट्यात मूळ असलेली कित्येक तरुण जोडपी सातासमुद्रापलीकडे संसार मांडण्यासाठी निघून गेली. त्यांची आडनावे आजही इस्रायलमधील अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद या शहरांत ऐकू येतात. रोहेकर, अष्टमकर, पेणकर, वाक्रूळकर ही ती आडनावे होत. कुंडलिकेच्या काठी रोह्याला जोडून असलेली अष्टमी किंवा पेण तालुक्यातील वाक्रूळ ही गावे नकाशावर शोधावी लागतात. परंतु मरुभूमीतल्या एखाद्या शाळेच्या हजेरीपटावर ती आपोआप उच्चारली जातात, ही वस्तुस्थिती आहे.

हा समाज म्हणजे बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया होत. म्हणजे या समाजाची कथाच मुळी परक्या भूमीत संसार मांडणाऱ्या सात जोडप्यांपासून सुरू होते. या लोकांनी गावोगाव तेलाचे घाणे चालविले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि त्यामुळे ते ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. विवाहित स्त्रिया मंगळसूत्र व हिरव्या बांगड्या वापरू लागल्या. लग्नाच्या आदल्या रात्री मेंदी आणि मंगलप्रसंगी एलियाहू हन्नबी याच्या नावाने मलिदा असे. भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, खोवलेले ओले खोबरे आणि फळे यांचा हा नैवेद्य होय. पेणच्या पोह्यांचा लौकिक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मलिद्याचे कोकणीपण निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इस्रायल राष्ट्राची स्थापना १४ मे १९४८ रोजी झाली. त्या सुमारास भारतात बेने इस्रायल लोकांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे एक-दोन पिढ्यांपूर्वीच मुंबईला जाऊन रेल्वे, पोस्ट, गिरणी आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीस लागलेली होती. गावातले घर व दफनभूमी मात्र सुटली नव्हती. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. हा समाज छळामुळे देश सोडून गेला नाही. भारतात त्याला कोणी हुसकावले नव्हते. धर्मश्रद्धा, नव्या राष्ट्राचे आकर्षण आणि मुलाबाळांच्या भवितव्याची आशा ही त्यामागील कारणे होती. छळातून सुटून आलेल्या माणसाला तंबूही घरासारखा वाटतो. नांदते घर मागे ठेवून आलेल्याला तोच तंबू निराळा दिसतो. पुढे जे घडले ते समजण्यास हा फरक ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

आरंभी आलेल्या जोडप्यांच्या वाट्याला पुष्कळदा तंबूंची आणि पत्र्याच्या खोल्यांची तात्पुरती वसाहत आली. नंतर नव्या वसाहती-शहरांत लहान सदनिका मिळाल्या. त्यांपैकी दिमोना, बीरशेबा आणि येरुहाम ही नेगेवच्या वाळवंटी प्रदेशातली. कोकणातल्या मुलीने पाऊस कधी मोजलेला नसतो. तेथे तो मोजावा लागे. मुंबईच्या कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या तरुणास हिब्रू येत नसे, आणि भाषा न येणाऱ्या माणसास प्रथम मिळे ते अंगमेहनतीचे काम. रस्ते, बांधकाम, शेत, कारखाना. कारकुनाच्या घरात दिलेली मुलगी मजुराच्या घरात संसार करू लागली, असे म्हणावे तर ते अर्धेच सत्य ठरेल. कारण तीही लवकरच कामावर जाऊ लागली. दिमोनाच्या कापडगिरणीसारख्या उद्योगांत स्त्रियांना रोजगार मिळाला, आणि ज्या घरात सुनेने उंबरठ्याबाहेर काम केलेले नव्हते त्या घरात दोन पगार येऊ लागले.

या बदलाचा खरा ताण चुलीपाशी जाणवला. गावी अथवा मुंबईच्या चाळीत सासू, जावा, नणंदा यांच्या सोबतीने नवी सून रुळत असे. तेथे दोन खोल्यांत दोघेच! चुकले तर सांगणारे कोणी नाही आणि दमले तर हातभार लावणारेही कोणी नाही. पतीने भांडी घासावीत की नाही हा प्रश्न जुन्या घरात उद्भवलाच नसता. दोघेही पाळीवर कामास जात असता तो रोज सायंकाळी उभा राही. त्याचे उत्तर घरोघर वेगवेगळे निघाले असणार. मात्र स्वयंपाकाच्या बाबतीत कोकणाने या जोडप्यांना एक अनपेक्षित शिदोरी दिलेली होती. ज्यू आहारनियमांनुसार मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एकत्र चालत नाहीत, आणि खवले व पर असलेलीच मासळी चालते. कोकणातील कालवणाला दाटपणा येतो तो नारळाच्या रसाने. दह्या-सायीची तेथे गरज पडत नाही. त्यामुळे आईने शिकविलेला रस्सा धर्मनियमांत जसाच्या तसा बसला. अडचण होती ती नारळ मिळण्याची.

हिब्रू शिकविण्यासाठी शासनाने ‘उल्पान’ नावाचे वर्ग चालविले. नवागतांना काही महिने सलग भाषा शिकविण्याची ही पद्धत शिक्षकबंधूंनी अभ्यासावी अशी आहे. तरीही घरात हिब्रू प्रथम आणली ती बहुधा मुलांनी. आईने मराठीत विचारावे आणि मुलाने हिब्रूत उत्तर द्यावे, हा अनुभव स्थलांतरित कुटुंबांना सर्वत्र येतो.

सर्वांनाच हे जमले नाही. १९५१-५२ मध्ये बेने इस्रायलांच्या एका गटाने नोकरी व घरवाटपात भेदभाव होत असल्याची तक्रार करून तेल अवीव येथे ज्यू एजन्सीच्या कार्यालयापुढे धरणे धरले आणि भारतात परत पाठविण्याची मागणी केली. सत्याग्रहाची रीत त्यांनी कोठून नेली असेल हे सांगावयास नको. शंभराहून अधिक लोक १९५२ मध्ये परत आले. त्यांपैकी बहुतेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले, ही त्या कहाणीची दुसरी बाजू.

पण घर आणि नोकरी यांहून खोल जाणारा प्रश्न दहा वर्षांनी उभा राहिला, आणि तो विवाहाचाच होता.

इस्रायलमध्ये नोंदणी पद्धतीचा नागरी विवाह नाही. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाने जी सोय उपलब्ध आहे, तशी तेथे उपलब्ध नाही. १९५३ च्या कायद्याने ज्यू नागरिकांचे विवाह व घटस्फोट धार्मिक न्यायालयांच्या अधिकारात दिले. अशा स्थितीत काही रब्बींनी बेने इस्रायलांचे अन्य ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. शतकानुशतके हा समाज इतर ज्यूंपासून दूर राहिला. त्या काळात घटस्फोट धर्मविधीनुसार झाले होते काय आणि परधर्मीयांशी संबंध जुळले होते काय, अशा त्यांच्या शंका होत्या. १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने तत्त्वतः अनुकूल निर्णय दिला. परंतु १९६२ मध्ये काढलेल्या निर्देशांत अशा विवाहापूर्वी संबंधित व्यक्तीची आई, आजी आणि शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी, असे सांगण्यात आले.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो, हे प्रशासनात काम करणाऱ्यांस तत्काळ कळेल. लष्करात एकत्र सेवा केलेले किंवा एकाच कारखान्यात काम करणारे तरुण-तरुणी विवाहनोंदणीसाठी जातात. एकाच्या वंशाबद्दल प्रश्न विचारला जात नाही. दुसरीला मात्र तिच्या पणजीचा विवाह पेण-अलिबागकडे कोणी व कोणत्या विधीने लावला, याचा पुरावा विचारला जातो. कोकणातल्या एखाद्या खेड्यात शंभर वर्षांपूर्वी झालेल्या लग्नाचा कागद कोणी जपून ठेवतो काय? आणि ज्या समाजात घटस्फोट क्वचितच होत, त्या समाजाने न झालेल्या घटस्फोटांचा दाखला कोठून आणावा?

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. लहान मुलांसह स्त्रियाही त्यांत होत्या. प्रकरण इस्रायलच्या संसदेपर्यंत गेले. त्या वेळी लेव्ही एश्कोल हे पंतप्रधान होते. १७ ऑगस्ट १९६४ रोजी खास बोलाविलेल्या अधिवेशनात संसदेने ठराव करून बेने इस्रायल हे सर्व बाबतींत, विवाहासह, अन्य ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले आणि रब्बी मंडळाने अन्यायाची भावना दूर करावी असे आवाहन केले. त्याच महिन्याच्या अखेरीस निर्देशांतून या समाजाचा नामनिर्देश काढण्यात आला. ठरावाने सगळ्यांची मने एका दिवसात पालटली असे नाही. परंतु त्यानंतर वाढलेल्या पिढीत निरनिराळ्या देशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांशी सोयरिकी जुळत गेल्या, आणि कोकणातली मेंदीची रात्र अनेक अन्य घरांनीही पाहिली.

भाषेचा धागा पुरता तुटला नाही. इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले आणि तेथील मराठी मंडळी १ मे हा महाराष्ट्र दिन साजरा करू लागली. भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले आणि येणे-जाणे सुकर झाले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. आता नातवंडे येतात. नवगावचे स्मारक, अलिबागची इस्रायल आळी आणि पेणचे प्रार्थनामंदिर पाहतात, आणि आडनावातले गाव शोधीत आडवाटेला शिरतात.

अशा पाहुण्याची गाठ प्रथम पडते ती सरपंचाशी, ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाशी. त्याचा प्रश्न साधा असतो : आजीचे घर कोठे होते, तिची नोंद कोठे सापडेल? गाव नमुना १४, म्हणजे ज्यास आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. काही मोडीत, काही फिकट शाईत, तर काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरातही मुलाचे नाव, जात आणि जन्मगाव असते. ही पुस्तके तहसीलच्या अभिलेख कक्षात किंवा शाळेच्या कपाटात आहेत काय, त्यांतील मोडी वाचणारे कोणी तालुक्यात उरले आहे काय, आणि गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीची हद्द सातबाऱ्यावर दिसते काय, एवढे पाहून ठेवणे पंचायतीच्या हाती आहे. १९६२ मध्ये दूरदेशी विवाहेच्छू मुलीला आपल्या पणजीच्या ज्या कागदाची विचारणा झाली, तो कागद कोठे असलाच तर अशाच एखाद्या कपाटात असणार.