गांवाची नभोवाणी आणि तिचा नेम
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या तरुण मंडळींच्या मनांत एक विचार बरेच दिवस घोळत आहे. महोत्सवाची खूण म्हणून एकादी कमान किंवा संगमरवरी पाटी न उभारतां, आपल्या पंचक्रोशीसाठीं एक लहानसें नभोवाणी-केंद्र काढावें, आणि तें पगारी नोकरांवर न सोंपवितां आपणच स्वयंसेवक होऊन चालवावें, असा तो विचार आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, ही शिकवण आपण सर्वांनीं शुभवर्तमानांत ऐकलेली आहे. तो हिशेब आज आपल्यापुढें मांडावा, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम हें केंद्र म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळ वर्षें आपल्या देशांत नभोवाणीवरून बोलण्याचा अधिकार सरकारकडेच होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निर्णय देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ति पी. बी. सावंत होते. पुढें २००२ सालीं शिक्षणसंस्थांना, आणि नोव्हेंबर २००६ मध्यें नफा न घेणाऱ्या नोंदणीकृत सेवासंस्थांनाही, सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली. अशा केंद्राची शक्ति बेताचीच असते. ट्रान्समीटर साधारणतः ५० वॅटचा, आणि मनोरा जास्तींत जास्त ३० मीटर उंचीचा. त्याचा आवाज मोकळ्या मुलुखांत दहा-पंधरा किलोमीटर जातो. गोंदियास बोललेलें देवरीस ऐकूं येणार नाहीं. एकट्या व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला परवाना मिळत नाहीं. निदान अर्धे कार्यक्रम त्याच भागांत तयार झालेले असावे लागतात. बातम्या आपल्या मनानें सांगतां येत नाहींत; आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवाव्या लागतात. आणि जें जें बोललें, त्याचें ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावें लागतें.

एवढ्या लहान आवाजाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उत्तर आपल्या शेतांतच आहे. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. मोठें केंद्र साऱ्या विदर्भासाठीं बोलतें, आणि तें योग्यच आहे. पण आपल्या शिवारांत तुडतुडा दिसूं लागला आहे, मामा तलावाचें पाणी अमुक दिवशीं सुटणार आहे, खरेदी-केंद्रावर बारदाना आला किंवा संपला, तेंदूपत्त्याची फळी कोठें सुरू झाली, ह्या गोष्टी मोठ्या केंद्रानें कां सांगाव्या? त्या सांगणारा आवाज जवळचाच हवा. शिवाय आपल्या ह्या मुलुखांत झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, छत्तीसगढी आहे. ज्या बोलींत आजी नातवाला निजविते, तीच बोली कचेरींत उच्चारतांना तिला संकोच वाटतो. ती बोली जर नभोवाणीवरून सन्मानानें ऐकूं आली, तर त्या आजीची मान ताठ होईल. दंडारीचीं गाणीं आणि रोवणीचीं गाणीं गाणारे कंठ वृद्ध होत चालले आहेत. त्यांना वाट पाहायला सांगतां येत नाहीं.

आतां हें काम ज्यांनीं आधीं करून पाहिलें, त्यांच्याकडे वळूं. नभोवाणीचें महत्त्व आपल्या ख्रिस्तसभेला फार लवकर कळलें होतें. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं पोप पायस अकरावे ह्यांनीं व्हॅटिकन नभोवाणीचें उद्‌घाटन केलें, आणि तें केंद्र खुद्द मार्कोनी ह्यांनीं उभारून दिलें होतें. परंतु आपल्या कामाचें जवळचें उदाहरण रोमचें नव्हे. तें दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या डोंगरांत, सुतातेंसा नांवाच्या खेड्यांत सांपडतें. तेथें १९४७ सालीं होसे होआकिन साल्सेदो ह्या तरुण धर्मगुरूंनीं एक लहान केंद्र सुरू केलें. शेतकऱ्यांना अक्षरओळख व्हावी, हा त्यांचा हेतु. नुसत्या आवाजानें अक्षर शिकतां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून रेडिओभोंवतीं जमणाऱ्या प्रत्येक लहान मंडळींत थोडेंबहुत वाचतां येणारा एक शेजारी बसे. पलीकडून शब्द येई, आणि हा शेजारी तो फळ्यावर लिहून दाखवी. शिकविणारा आवाज एक होता; पण शाळा चालली ती त्या विनावेतन बसणाऱ्या शेजाऱ्यांच्या जोरावर.

असाच अनुभव आपल्या मराठी मुलुखांतही आलेला आहे. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें सुमारें दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालवून पाहिलीं. दहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गांवकरी एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरें मिळत. ज्या गांवांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, त्या गांवांपेक्षां मंडळाच्या गांवांत लोकांच्या ज्ञानांत कितीतरी अधिक भर पडली, असें पाहणींत दिसून आलें. यंत्र दोन्हीकडे तेंच होतें. ठरल्या वेळीं जमून बसणारीं माणसें मात्र एकीकडेच होतीं.

अलीकडचीं दोन उदाहरणें सांगतों. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यांत, म्हसवड येथें, २००८ सालीं ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. स्त्रियांची बँक चालविणाऱ्या माणदेशी संस्थेचें हें केंद्र. तेथील बोली माणदेशाचीच. त्याच वर्षीं, १५ ऑक्टोबर रोजीं, तेलंगणांतील जहीराबादजवळच्या माचनूर गांवीं ‘संगम रेडिओ’ प्रक्षेपण करूं लागला. तो चालविणाऱ्या स्त्रिया दलित शेतकरी कुटुंबांतील. त्यांची एक गोष्ट आमच्या तरुणांनीं ध्यानांत धरावी. परवाना मिळण्यापूर्वीं जवळजवळ दहा वर्षें त्या ध्वनिमुद्रण करीत होत्या. बियाण्यांची माहिती, गाणीं, आजारावरचे उपाय हें सारें फितींवर घेऊन त्या आपल्या संघांच्या बैठकींत ऐकवीत. मनोरा नसतांनाही त्यांचें केंद्र चालूंच होतें. मनोरा आला तेव्हां त्याला बोलायला काय द्यावें, हा प्रश्न त्यांच्यापुढें नव्हता.

आतां आम्हांला स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगतांना आम्हांला लाज वाटते. काहीं वर्षांपूर्वीं आम्हीं पांचसहा मित्रांनीं असाच उत्साह धरला होता. यंत्र नव्हतें; मोबाइलवरच ध्वनिमुद्रण करावें आणि रविवारीं सायंकाळीं एका पडवींत तें ऐकवावें, असें ठरलें. पहिल्या रविवारीं पडवींत उभें राहायला जागा नव्हती. उन्हाळाभर कार्यक्रम चांगला चालला. मग पाऊस आला, रोवणी सुरू झाली. एकाला पऱ्हे उपटायचे होते, दुसऱ्याला चिखलणी करायची होती, तिसरा दमून निजला. एक रविवार चुकला, पुढचाही चुकला. तिसऱ्या रविवारीं शेजारच्या गांवची एक वृद्ध बाई आपल्या नातीला घेऊन चिखल तुडवीत आली. नातीला गाणें म्हणायचें होतें, आणि आम्हींच तिला तो दिवस दिला होता. पडवीला कुलूप होतें. त्या दोघी दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसून राहिल्या आणि परत गेल्या, असें आम्हांला दुसऱ्या दिवशीं कळलें. पुढें आम्हीं पुष्कळ विनविलें, पण ती मुलगी पुन्हां आली नाहीं. तिच्या आजीनें आम्हांला एक शब्दही कठोर बोलला नाहीं. तेवढें तरी ती बोलती तर बरें झालें असतें.

तेव्हांपासून आम्हांला कळून चुकलें कीं, स्वयंसेवकांचें केंद्र विजेच्या अभावीं बंद पडत नाहीं. तें नेमाच्या अभावीं बंद पडतें. पगारी माणूस न आल्यास त्याचा पगार कापतां येतो. स्वयंसेवक न आल्यास काय कापणार? तेथें फक्त शब्द असतो. आपल्या देवळाची घंटा पाहा. आंत दोनशें माणसें असोत कीं दोन म्हाताऱ्या असोत, ती आपल्या वेळेला वाजते. म्हणूनच शेतांत वांकलेला मनुष्य तिच्यावर आपला दिवस बेततो. नभोवाणीलाही ऐकणाऱ्याचा हा विश्वास मिळवावा लागतो, आणि तो हळूहळू मिळतो.

ह्या अनुभवांतून चार गोष्टी आम्ही नम्रपणें सुचवितों. पहिली, एका तासाला एकच माणूस कधींही नेमूं नये, दोघे नेमावे. एकाच्या घरीं ताप असला तर दुसरा किल्ली घेऊन येईल. पाळीचें वेळापत्रक शेतीचें पंचांग पाहून करावें: रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत शिक्षक, दुकानदार, शिवणकाम करणाऱ्या भगिनी ह्यांनीं भार उचलावा, आणि परीक्षेच्या दिवसांत शेतकऱ्यांनीं. दिवसाला चार तास बोलून दमण्यापेक्षां एकच तास बोलावें, पण तो चुकवूं नये.

दुसरी गोष्ट, मायक्रोफोनपुढें सारखे आपणच बसूं नये. चांगलें मराठी बोलणाऱ्यांना हा मोह फार होतो. आम्हांलाही झाला होता. केंद्र चालविणाऱ्याचें खरें काम ऐकण्याचें आहे. बाजाराच्या दिवशीं फिरावें, विहिरीवर आणि बोडीच्या पाळीवर बसावें, आणि जो कधीं बोलत नाहीं त्याला बोलतें करावें. त्याची बोली सुधारूं नये. कोणाचें दुःख ध्वनिमुद्रित करण्यापूर्वीं त्याची संमति घ्यावी, आणि तें ऐकवण्यापूर्वीं पुन्हां एकदां घ्यावी. कारण दहा किलोमीटरच्या टापूंत आवाज लपत नाहीं. आपली चूक झाली, तर ती त्याच वेळीं, त्याच ठिकाणीं, नांवानिशीं कबूल करावी.

तिसरी गोष्ट पैशाची. यंत्र एकदांच विकत घ्यावें लागतें. पण विजेचें बिल दरमहा येतें, आणि वळवाच्या पावसांत वीज पडून यंत्र जळतें. एकाच धनिकाच्या देणगीवर केंद्र उभारलें, तर उद्यां त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या मजुराला दार उघडेल काय? म्हणून शंभर घरांचे लहान लहान वांटे बरे. ज्याचा रुपया त्यांत आहे, तो बंद पडलेलें केंद्र पाहून विचारायला येतो.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि ती ह्याच सभागृहांत बोलणें आवश्यक आहे. हें केंद्र आपल्या धर्मग्रामाची वाणी होऊं नये. तें पंचक्रोशीची वाणी व्हावें. ह्या भागांत आपण संख्येनें थोडे आहों. आपण फक्त आपल्यासाठीं बोललों, तर आपलेच लोक ऐकतील, आणि त्यांना आपलें म्हणणें आधींच ठाऊक आहे. समितींत शेजारच्या टोलीवरचे, मोहल्ल्यांतले, सर्व जातींचे आणि धर्मांचे लोक असावेत, स्त्रिया निम्म्या असाव्यात, आणि अध्यक्ष आपल्यांपैकींच असावा असा हट्ट नसावा. शासनाच्या नियमांतही समाजाचा सहभाग हाच पाया मानलेला आहे. नियम नसता तरी आम्हीं हेंच म्हटलें असतें.

आतां आमची सूचना. महोत्सवाच्या निधींतून आजच यंत्र घेऊं नये. आजपासून एक वर्षभर, दर रविवारीं, ठरल्या वेळीं, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ह्या सभागृहाच्या ओसरींत सर्वांसाठीं ऐकवावा. बावन्न रविवार होतील. त्यांत रोवणी येईल, दिवाळी येईल, नाताळ येईल, झाडीपट्टीच्या नाटकांच्या रात्री येतील, परीक्षा येतील. एका वहींत प्रत्येक रविवारची नोंद ठेवावी: कोण आले, कोण बोलले, कोणी काय विचारलें. वर्षअखेर ती वही सर्वांसमोर उघडावी. बावन्नही रविवार भरले असतील, तर परवान्याचा अर्ज करावा, आणि आम्ही आमचा वांटा सर्वांआधीं देऊं. मधलीं पानें कोरीं असतील, तर यंत्राचे पैसे वांचले असें समजून पुन्हां पहिल्या रविवारापासून सुरुवात करावी.

येत्या रविवारीं सायंकाळीं सहा वाजतां ओसरीचें दार उघडण्याची पहिली पाळी आम्ही स्वतःकडे घेतों. आमच्या जोडीला दुसरें कोण, तें सभा संपतांच वहींत लिहावें. त्या वृद्ध माउलीच्या गांवीं आम्ही उद्यां जाणार आहों. तिची नात आतां मोठी झाली असेल. ती येईल कीं नाहीं हें तिच्या मनावर आहे. दार उघडें ठेवणें मात्र आपल्या हातीं आहे.