पुरुषांची खिन्नता आणि टेस्टोस्टेरॉन

पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ घरात गप्प बसू लागला, रात्री दचकून जागा होऊ लागला, की घरची माणसे म्हणतात, "वय झाले." तो स्वतः मात्र हल्ली निराळेच कारण शोधतो. पौरुषाचा रस आटला आहे. तो इंजेक्शनाने भरून काढला, की मनही टवटवीत होईल, असे त्यास वाटते.

ही आशा नवी नव्हे. १८८९ साली पॅरिस येथे ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि तारुण्याचा जोम परत आल्याचे विद्वत्सभेत सांगितले. त्या पाणचट अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतेच! गुण आला तो विश्वासाचा. म्हणूनच मनावरील औषधाची परीक्षा घेताना काही रोग्यांना नुसते निर्गुण द्रव्य देऊन तुलना करावी लागते.

शुद्ध टेस्टोस्टेरॉन १९३५ साली हाती आले. त्याची अशी तुलनात्मक परीक्षा अमेरिकेत पासष्टीपुढील ७९० पुरुषांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. या सर्वांच्या रक्तात ते संप्रेरक कमी होते. वर्षभर ते त्वचेवर लावणाऱ्यांची खिन्नता थोडी ओसरली. 'थोडी' हाच येथे महत्त्वाचा शब्द. चिंतेविषयीचा पुरावा तर याहूनही तोकडा आहे.

उलट किंमत पुष्कळदा सांगितलीच जात नाही. संप्रेरक बाहेरून मिळू लागले, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना आज्ञा देणे आवरते घेते आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, कित्येकांत थांबते. उत्साहासाठी सुई घेणाऱ्या नवविवाहित तरुणास हे आधी कोण सांगतो? शिवाय रक्त दाट होते. पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील २०२३ सालच्या परीक्षेत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. परंतु हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकणे, हे प्रकार अधिक आढळले.

थकवा, निरुत्साह, कामेच्छेचा अभाव ही लक्षणे संप्रेरकाच्या उणिवेचीही असतात आणि खिन्नतेचीही. लठ्ठपणा व मधुमेह यांनीही संप्रेरक घटते. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, दोन निरनिराळ्या दिवशी रक्त तपासल्याखेरीज निदान करू नये. उणीव ठरली, तर उपचाराला अर्थ आहे. ती नसेल, तर खिन्नतेवरचेच उपचार हवेत. आणि जो गृहस्थ जगण्यात राम उरला नाही असे बोलू लागला आहे, त्यास रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे.