शांतिशिक्षण आणि परीक्षा

सोन्याची परीक्षा कसोटीवर होते, गणिताची उदाहरणे घालून होते, व्याकरणाची रूपे चालवावयास सांगून होते. परंतु ज्या अभ्यासक्रमाचे नावच ‘शांतिशिक्षण’ आहे, त्याच्या विद्यार्थ्याची परीक्षा कशी घ्यावी? शंभरांपैकी ऐंशी गुण मिळविणारा विद्यार्थी साठ गुण मिळविणाऱ्याहून अधिक शांत, असे म्हणावयाचे काय? प्रश्न विनोदाचा वाटतो. तथापि हा विषय शिकविणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला तो वर्षाच्या अखेरीस सोडवावाच लागतो. गुण न द्यावेत तर विद्यार्थी विषयाकडे दुर्लक्ष करतात. गुण द्यावेत तर कशाला द्यावयाचे, हेच ठरत नाही.

विद्यापीठांत हा विषय तसा नवा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, अमेरिकेतील इंडियाना संस्थानातल्या मँचेस्टर कॉलेजात शांतीच्या अभ्यासाचा पदवीपूर्व क्रम सुरू झाला. इंग्लंडात ब्रॅडफर्ड विद्यापीठाने १९७३ साली या विषयाचे अध्यासन स्थापिले व अॅडम कर्ल हे त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १९८० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाने कोस्टा रिका या देशात शांतिविद्यापीठ स्थापन झाले. ज्या देशाने १९४८ साली आपले सैन्यच विसर्जित केले, त्याच्या भूमीवर असे विद्यापीठ उभे राहावे, हे औचित्याला धरूनच झाले. भारतात दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठात २००४ साली नेल्सन मंडेला यांच्या नावाने शांती व संघर्षनिवारण यांच्या अभ्यासाचे केंद्र निघाले.

या अभ्यासात विद्यार्थ्याच्या ठिकाणी तीन गोष्टी याव्यात अशी अपेक्षा असते: ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती. परीक्षेचा सारा घोळ या तिहींची सरमिसळ केल्याने होतो. यास्तव त्यांचा निरनिराळा विचार करणे अवश्य आहे.

प्रथम ज्ञान. नॉर्वेचे विद्वान योहान गाल्टुंग यांनी १९६९ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हिंसेचे दोन प्रकार वेगळे करून दाखविले. एक प्रत्यक्ष हिंसा. तिच्यात मारणारा दिसतो. दुसरी समाजरचनेत मुरलेली हिंसा. तिच्यात कोणी हात उगारीत नाही, तरी एका वर्गाचे जीवन खुंटते. हा भेद विद्यार्थ्याला कळला की नाही, हे व्याख्या पाठ म्हणवून घेतल्याने समजत नाही. त्यासाठी असा प्रश्न घालता येईल: ‘१९२७ पूर्वी महाड येथे शांतता होती काय?’ मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले होते. तरीही त्या पाण्याला हात लावण्याची सोय त्या लोकांना नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ते लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि मग त्यांच्यावर हल्ले झाले. सत्याग्रहापर्यंत गावात शांतता होती व सत्याग्रहाने ती भंगली, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तारखा पाठ असल्या तरी विषय समजलेला नाही. आधीच्या निमूटपणाला शांती का म्हणता येत नाही, हे जो कारणे देऊन सांगेल त्याला तो समजला. असे ज्ञान निश्चितपणे तपासता येते व त्याला गुणही देता येतात.

दुसरी गोष्ट कौशल्याची. येथे आपल्या शास्त्रपरंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्यासाठी होतो तो वाद, जय मिळविण्यासाठी होतो तो जल्प. आणि आपला पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. पूर्वपक्ष यथार्थ मांडल्यावाचून उत्तरपक्षाला किंमत नाही, हा ग्रंथकारांचा दंडकच होता. या परंपरेशी संबंध नसतानाही गणितज्ञ अनातोल रॅपोपोर्ट यांनी १९६० सालच्या आपल्या ग्रंथात तशीच अट घातली. प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतः त्या पक्षाचे समाधान होईल असे मांडून दाखवावे आणि त्यात कोठवर तथ्य आहे ते शोधावे, असे त्यांचे सांगणे आहे.

या अटीतून एक चांगली परीक्षा निघते. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमताचा कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल आणि संघराज्याचा स्वतंत्र प्रदेश म्हणून राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. दोन पानांचा पक्ष ३४,०२१ मतांच्या आधिक्याने विजयी झाला. विलीनीकरण इष्ट वाटणाऱ्या घरातील विद्यार्थ्याने दोन पानांची बाजू लिहावी आणि दुसऱ्या घरातल्याने फुलाची. एकाने कोंकणीचा जिव्हाळा, निराळ्या इतिहासाची जाणीव आणि मोठ्या राज्यात आपला आवाज हरपेल ही भीती समजून घ्यावी. दुसऱ्याने देवळातील कीर्तनापासून शाळेच्या पाटीपर्यंत मुरलेली मराठी आणि कुळांना वाटणारी जमिनीच्या न्यायाची आशा समजून घ्यावी. मग प्रत्येकाचा लेख त्या त्या पक्षाच्या विद्यार्थ्याने वाचावा आणि काय सुटले, काय विपरीत झाले, ते नोंदवावे. लेख सुधारून पुन्हा द्यावा. परीक्षकाने गुण द्यावेत ते कोणता पक्ष खरा मानला यासाठी नव्हेत, तर दुसऱ्याचा पक्ष किती प्रामाणिकपणे उतरला यासाठी. ज्या प्रश्नावरून घराघरांत मने दुभंगली होती, त्या प्रश्नावरचे असे पान लिहिणे हे सोपे काम नव्हे.

तिसरी गोष्ट वृत्तीची. येथेच परीक्षकाने थांबावयास हवे. बेंजामिन ब्लूम प्रभृती अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९५६ साली बौद्धिक उद्दिष्टांची वर्गवारी केली, तर १९६४ साली भावना व मूल्ये यांच्या उद्दिष्टांची. अशी वर्गवारी अध्यापनाला उपयोगी पडते. परंतु विद्यार्थ्याच्या करुणेला दहांपैकी सात गुण देऊ लागले की विद्यार्थी करुणा शिकत नाही, करुणेची भाषा शिकतो. माळेचे मणी मोजता येतात, जपणाऱ्याचा भाव मोजता येत नाही. आणि भावाला बक्षीस लावले की दंभाचे पीक येते. जो विषय खरेपणा शिकवू पाहतो, त्यानेच विद्यार्थ्याला खोटेपणाची सवय लावावी, याहून मोठी हानी ती कोणती? म्हणून विद्यार्थ्याने आत्मपरीक्षणाची वही जरूर ठेवावी, अध्यापकाने ती आपुलकीने वाचून दोन शब्द लिहून परत द्यावी. मात्र तिला गुण देऊ नयेत.

यावर शंका येईल की, मग एखादा कठोर मनाचा मनुष्यही पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. होय, क्वचित होईल. विद्यापीठाने ते मान्य करावे. त्याच्या प्रमाणपत्राने जे पाहिले व तपासले तेवढेच सांगावे. अंतःकरणाचा दाखला देऊ नये. तथापि आचरणाचा काही भाग डोळ्यांना दिसतो. पाच जणांनी मिळून करावयाच्या कामात आपला वाटा उचलला की नाही, दुसऱ्याला बोलू दिले की नाही, मतभेद होताच काम टाकून गेला की नाही, या घडलेल्या गोष्टी आहेत. निकष आधी सांगितले असतील तर त्यांची नोंद घेणे अन्यायाचे नाही.

आणखी एक बाब राहते, ती परीक्षेच्या रीतीची. वर्ध्याच्या १९३७ सालच्या शिक्षणपरिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जो अहवाल दिला, त्यात प्रचलित परीक्षापद्धतीवर कठोर टीका आहे. धाकाने घेतलेली, शेजाऱ्याला मागे टाकल्यावाचून ज्यात पुढे जाता येत नाही अशी परीक्षा शांतीच्या विषयात ठेवणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घेणे होय. येथे विद्यार्थ्याची तुलना विद्यार्थ्याशी न करता ठरलेल्या निकषाशी करावी. निकष वर्षारंभी सांगावेत, गुणांची कारणे लिहून द्यावीत, चूक दुरुस्त करण्यास एक संधी ठेवावी आणि परीक्षकाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची वाट मोकळी असावी. मात्र ही ढिलाई नव्हे. अर्धवट वाचून लिहिलेल्या निबंधाला मायेपोटी उत्तीर्ण करणे ही शांती नसून अप्रिय सत्य सांगण्याची टाळाटाळ आहे. तो निबंध पुन्हा लिहावयास सांगणारा अध्यापकच विद्यार्थ्याचा खरा आदर करतो.

येथे जमलेल्या भक्तमंडळींत अनेक शिक्षक आहेत, पालक तर बहुतेक सर्वच आहेत. विद्यापीठातील हा प्रश्न घराघरांतलाही आहे. भावाशी भांडलेल्या मुलाला ‘त्याची क्षमा माग’ म्हटले की तो दोन शब्द उच्चारून मोकळा होतो. त्याऐवजी ‘त्याचे म्हणणे काय होते ते आधी सांग, आणि बरोबर सांगितलेस की नाही ते तो सांगेल’ असे म्हटले तर मूल क्षणभर थांबते व विचार करू लागते. पुढे त्याच मुलावर जमिनीच्या बांधाचा तंटा, घरच्या वाटणीचा प्रसंग किंवा भाषेच्या अभिमानाचा वाद सोडविण्याची वेळ येईल. तेथे गुण देणारा कोणी नसेल. दुसऱ्याचा पक्ष पुरता ऐकून घेण्याची लहानपणी लागलेली सवय तेवढी कामास येईल.