विवेकासाठी बंदिवान कोणास म्हणावे?

(ज्युबिली महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी सायंकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



ज्युबिली हा शब्द आपण वर्षभर तोंडी घेत आहो. परंतु ज्या जुन्या करारातून तो आपणांकडे आला, तेथे त्याचा पहिला अर्थ रोषणाई वा मेजवानी असा नसून दास्यात पडलेल्यांची मोकळीक असा आहे. म्हणून महोत्सवाच्या मिस्सात बंदिवानांसाठी एक प्रार्थना असावी, असे आम्ही समितीस सुचविले. सूचना सर्वांस रुचली. तंटा निघाला तो नावांवरून. एका तरुण सभासदाने फादर स्टॅन स्वामी यांचे नाव घ्यावे असे म्हटले. तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, “फादर, ज्यांच्यावर सरकारने इतका गंभीर आरोप ठेवला होता, त्यांस वेदीसमोर विवेकाचे बंदिवान म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?” दोघांचाही हेतू शुद्ध होता. आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. वेळ मागून घेतला. ते ऋण आज फेडावयाचे आहे.

‘विवेकासाठी बंदिवान’ ही संज्ञा जगभर रूढ झाली ती १९६१ सालापासून. पीटर बेनेन्सन नावाचे एक इंग्रज वकील होते. १९५८ साली ते कॅथॉलिक झाले होते. २८ मे १९६१ रोजी त्यांनी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात विसरल्या गेलेल्या बंदिवानांविषयी एक लेख लिहिला आणि त्यातून पुढे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. त्या लेखात त्यांनी व्याख्या घातली, तिचा आशय असा: जे मत मनुष्य प्रामाणिकपणे बाळगतो, ते शब्दांनी किंवा खुणांनी प्रकट करू नये म्हणून ज्यास कोंडून ठेवले आहे, आणि ज्याचे मत कोणावर हिंसा करण्याचा उपदेश अथवा समर्थन करीत नाही, तो विवेकासाठी बंदिवान होय. मत त्याचे स्वतःचे असावे, त्या मतापायीच तो कोंडला गेलेला असावा, आणि त्याचे हात व वाणी हिंसेपासून मुक्त असावी, या तीन कसोट्या झाल्या. ऐकावयास सोप्या, लावावयास मात्र फार कठीण.

आपल्या शेजारचेच दोन दाखले घेऊ. गोव्यातील त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांस १९४६ साली नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत धरण्यात आले. लष्करी न्यायासनाने त्यांस आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालातील पेनिशे येथील किल्ल्यात पाठविले. त्यांचे शस्त्र लेखणी व वाणी. तिन्ही कसोट्या येथे उतरतात. आता मोहन रानडे यांचे पाहा. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलात शिरला, आणि १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी हे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. सुटले ते १९६९ साली. त्यांनी शस्त्र उचलले होते, तेव्हा बेनेन्सन यांच्या व्याख्येत ते बसत नाहीत. तथापि त्यांच्या सुटकेसाठी मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी परमगुरु सहावे पॉल यांच्याकडे रदबदली केली होती. ही गोष्ट ध्यानात असू द्या. शेवटी आम्ही तिच्याकडे पुन्हा येणार आहो.

याच कोड्याने संस्थेसही लवकरच गाठले. दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला १९६२ साली तुरुंगात गेले तेव्हा संस्थेने त्यांस विवेकबंदिवान मानले. पुढे १९६४ च्या खटल्यात त्यांनी घातपाताच्या योजनेत आपला भाग होता हे स्वतःच उघड कबूल केले. संस्थेने सभासदांचा कौल घेतला. बहुमत पडले की कसोटी सोडू नये. ती पदवी मंडेला यांस राहिली नाही. पण त्यांस न्याय मिळावा, तुरुंगात माणुसकीची वागणूक मिळावी, यासाठी आवाज उठविणे चालूच राहिले. २००६ साली त्याच संस्थेने त्यांचा आपल्या सर्वोच्च सन्मानाने गौरव केला. पदवी नाकारणे म्हणजे माणसास टाकून देणे नव्हे, हा धडा येथे आहे.

दुसरी अडचण वाणीची. रशियाचे अलेक्सेय नवाल्नी यांस जानेवारी २०२१ मध्ये संस्थेने विवेकबंदिवान म्हटले. त्यांची काही जुनी द्वेषमूलक वक्तव्ये पुढे आली तेव्हा फेब्रुवारीत ती पदवी काढून घेतली. आणि मे महिन्यात चूक कबूल करून, क्षमा मागून, परत दिली. मनुष्य काल काय बोलला यावरून आज तो कशासाठी कोंडला आहे हे ठरत नाही, असे अखेर मानावे लागले. नवाल्नी १६ फेब्रुवारी २०२४ रोजी तुरुंगातच मरण पावले. बंदिवान संत असलाच पाहिजे असा आग्रह धरला, तर आपली यादी कोरीच राहील.

तिसरी अडचण आपल्या स्वतःच्या अंतःकरणातील आहे, आणि ती आम्हांस सर्वांत मोठी वाटते. आपल्या बाजूचा कैदी तो हुतात्मा, आणि पलीकडच्या बाजूचा तो गुन्हेगार, असे मानण्याकडे मनुष्याचा कल असतो. ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर हा शेतकरी आपल्या गावच्या चर्चचा सेवक होता. हिटलरच्या युद्धात लढणे पाप होय, असे त्याच्या विवेकाने त्यास सांगितले. बायको व लहान मुली यांचा विचार कर, असे त्यास धर्मगुरूंनी व महागुरुस्वामींनीही समजाविले. तो ढळला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली पवित्र सभेने त्यास धन्यवादित घोषित केले. जिवंतपणी त्यास ओळखू न शकलेल्यांत आमच्यासारखे धर्मगुरूच होते, हे वाचताना आमची मान खाली जाते.

याहून कडू घोट आहे. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या आणि १८१२ साली कायमच्या बंद झालेल्या इन्क्विझिशनने आपल्याच धर्माच्या नावाने माणसांस त्यांच्या मतांसाठी व रीतींसाठी कोंडले. प्रागचे महागुरुस्वामी योसेफ बेरान यांचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. ते नाझींच्या डाखाऊ छावणीत होते. पुढे १९४९ पासून कम्युनिस्ट राजवटीने त्यांस वर्षानुवर्षे स्थानबद्ध ठेवले. १९६१ च्या त्या लेखाबरोबर त्यांचेही चित्र होते. १९६५ च्या सप्टेंबरात व्हॅटिकन महासभेत ते उभे राहिले आणि आपल्या छळाचे गाऱ्हाणे त्यांनी सांगितले नाही. १४१५ साली यान हुस यास जाळण्यात आले त्या पातकाचे प्रायश्चित्त बोहेमियातील ख्रिस्तसभा आज भोगीत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. त्याच वर्षी ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. सेमिनरीत आम्हांस शिकविले होते की चुकलेला विवेकही, जोवर तो प्रामाणिक आहे तोवर, त्या मनुष्यास बांधून ठेवतो. म्हणून बंदिवानाचे मत आपणांस पटते की नाही, ही कसोटीच नव्हे.

या पक्षपातावर बेनेन्सन यांच्या मंडळींनी एक साधा उपाय योजिला होता. प्रत्येक गटाने तीन कैद्यांचा भार घ्यावयाचा: एक पाश्चात्य देशातला, एक कम्युनिस्ट देशातला आणि एक उर्वरित जगातला. आवडत्याबरोबर नावडत्याचाही कैवार घ्यावा लागे.

आता फादर स्टॅन स्वामी. झारखंडातील आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झटणारे हे येशूसंघीय धर्मगुरू ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे पकडले गेले व तळोजाच्या तुरुंगात ठेवले गेले. बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा त्यांच्यावर आरोप होता; तो त्यांनी नाकारला. कंपवातामुळे पेला धरवेना म्हणून त्यांस नळीच्या पेल्यासाठी अर्ज करावा लागला. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढे असतानाच ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते मुंबईच्या रुग्णालयात निवर्तले. खटला चालला नाही, गुन्हा शाबीत झाला नाही.

वडीलधाऱ्या गृहस्थांचा प्रश्न रास्त होता: आरोप हिंसेच्या कटाचा असेल, तर तिसरी कसोटी काय सांगते? आमचे उत्तर असे. आरोप म्हणजे शाबिती नव्हे; नाही तर प्रत्येक सत्ता हिंसेचा नुसता शब्द लिहून कोणाही कैद्यास यादीबाहेर ठेवील. त्यांचे ज्ञात आयुष्य, त्यांचे लेखन व त्यांचे कार्य पाहता आम्ही त्यांस विवेकाचे बंदिवान मानतो. तथापि हे आमचे मत आहे, न्यायालयाचा निवाडा नव्हे, आणि वेदीवरून आपले मत निवाडा म्हणून सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. म्हणून प्रार्थनेत त्यांचे नाव येईल. पदवी येणार नाही.

हे ठरवून आम्ही समितीतून बाहेर पडलो, तो दाराशी एक आजी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “फादर, माझा नातू चोरीच्या खटल्यात आत आहे. त्याने केली असेल, नसेल, मला ठाऊक नाही. मोठ्या माणसांच्या नावांत त्याचे नाव बसायचे नाही. पण त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावली तर चालेल का?”

बंधुभगिनींनो, आम्ही इतक्या कसोट्या अभ्यासिल्या. पण या प्रश्नापुढे आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. विवेकासाठी बंदिवान कोण, हे काटेकोरपणे ठरविलेच पाहिजे. कारण ते नाव स्वस्त झाले, तर ज्यास त्याची खरी गरज आहे त्याचे रक्षण होणार नाही. परंतु दयेस ही व्याख्या लागू नाही. रानडे व्याख्येत बसत नव्हते, तरी त्यांच्यासाठी रदबदली झालीच. आणि शेवटच्या न्यायाचे वर्णन करताना प्रभूने तुरुंगातील बंधूची भेट घेतली की नाही एवढेच विचारले आहे. त्याचा गुन्हा कोणता, हे विचारलेले नाही.

उद्या मिस्सात वेदीजवळ दोन मेणबत्त्या लागतील. एक विवेकासाठी कोंडलेल्यांची, मग ते कोणत्याही धर्माचे, पक्षाचे वा देशाचे असोत. दुसरी आजीच्या नातवाची, आणि ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही अशा सर्वांची. मिस्सानंतर ज्यांस नातवाच्या भेटीस आजींबरोबर जाता येईल, त्यांनी आम्हांस येऊन सांगावे. म्हाताऱ्या माणसास तो प्रवास एकटीने झेपत नाही.

बंदिवानांस मोकळे करणारा प्रभू आपणां सर्वांचे विवेक जागृत व अंतःकरणे मृदू ठेवो. आमेन.