सैन्य नसलेल्या राजाचा बँड

प्रवरेच्या कांठचें कोल्हार हें गांव भगवतीच्या देवळासाठीं प्रसिद्ध आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यांत, अशा गांवीं लग्नाची वरात निघाली कीं क्लॅरिओनेट, पितळी कर्णे व मोठा ढोल यांचा ताफा पुढें चालतो. त्यास सर्वजण बँड म्हणतात; पण वाजविणारांच्या अंगावर पलटणी थाटाचा पोषाख कां, याचा विचार फारसें कोणी करीत नाहीं. शिपायांचीं पावलें एका ठेक्यांत पडावीं, यासाठीं हीं वाद्यें युरोपीय फौजांबरोबर या देशांत आलीं. त्यांस आपल्या दरबारीं स्थान देणाऱ्या आरंभीच्या देशी राजांत एक मराठी राजा होता, आणि त्याच्या नांवाचें मूळ याच नगर प्रांतांत सांपडतें. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले ते हेच.

शहाजीराजांच्या धाकट्या बंधूंचें नांव शरीफजी. नगरच्या शाह शरीफ या पीराच्या नवसावरून दोघां भावांचीं नांवें ठेविलीं गेलीं, अशी परंपरागत समजूत आहे. १६२४ सालीं नगरजवळ भातवडीच्या लढाईंत शरीफजी धारातीर्थीं पडले. पुढें शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनीं तंजावरास राज्य स्थापिलें, व चुलत्याचें नांव त्या घराण्यांत 'सरफोजी' या रूपानें चालत राहिलें.

दुसऱ्या सरफोजींचा जन्म १७७७ चा. १७८७ सालीं तुळजाजीराजांनीं त्यांस दत्तक घेतलें व ते लौकरच निवर्तले. गादी अमरसिंगांकडे गेली, आणि बालराजाच्या नशिबीं बंदिवासासारखें जिणें आलें. श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्यानें त्यांचा कैवार घेतला. १७९३ सालीं त्यांस मद्रासेस नेण्यांत आलें व तेथें त्यांचें इंग्रजी शिक्षण झालें. कंपनीच्या पलटणी ज्या शहरांत रोज कवायत करीत, त्या शहरांत या राजपुत्राचें तारुण्य गेलें.

१७९८ सालीं ते गादीवर बसले. परंतु १७९९ च्या तहानें राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, वर्षाची एक लक्ष होनांची नेमणूक व वसुलाचा पांचवा हिस्सा. ज्यांच्या पूर्वजांनीं तलवारीच्या बळावर कावेरीकांठ जिंकला, त्यांच्या वंशजास लढाई करण्याचा अधिकारच राहिला नाहीं. अशा राजानें पलटणीचा बँड बाळगावा, हें प्रथम विचित्र वाटेल. मोहीम नाहीं, कूच नाहीं. मग कूचगीतें कोणासाठीं?

याचें उत्तर राजांच्या एकंदर स्वभावांत मिळतें. नवीन विद्या दिसली कीं ती आपल्या घरीं आणावयाची, हा त्यांचा बाणा होता. वाड्यांत देवनागरी छापखाना काढून १८०६ सालीं इसापच्या गोष्टी मराठींत छापविणारे, धन्वंतरी महालांत औषधांचे प्रयोग करविणारे व सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणारे राजे ते हेच. १८२६ सालीं बिशप हेबर त्यांस भेटले, तेव्हां लाव्वाझिए, लिनियस व शेक्सपिअर यांविषयीं राजांची जाणकारी पाहून ते थक्क झाले.

बँडमध्येंही राजांस अशीच एक विद्या दिसली असावी. आपल्या बैठकींत एक गवई गातो व साथीदार त्याच्या मागोमाग जातात. गाणें गुरुमुखांतून शिष्याच्या कंठांत उतरतें. बँडची रीत निराळी. तेथें अनेकजण एकाच वेळीं निरनिराळे स्वर वाजवितात, आणि प्रत्येकाचा वांटा कागदावर लिहिलेला असल्यामुळें सर्वांचा मेळ बसतो. या रीतीच्या स्वरलेखनाचीं बाडें सरस्वती महालाच्या संग्रहांत आहेत. राजांचे एक मंत्री वरहप्पा दीक्षित हे व्हायोलिन वाजविण्यांत प्रवीण होते.

तरीही राजांनीं स्वतःची परंपरा सोडली नाहीं. नर्तनासाठीं त्यांनीं मराठींत 'कोरव्यांचें साहित्य' रचलें; त्यांत प्रारंभीच्या जयजयकारापासून ओळीनें १८ प्रकार बांधलेले आहेत. जगाचा भूगोल सांगणारी 'देवेंद्र कुरवंजी' ही नाटिकाही त्यांचीच. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे नृत्याचार्य बंधू त्यांच्याच दरबारीं होते. एकाच वाड्यांत एकीकडे मृदंग व दुसरीकडे पलटणी ढोल वाजे.

हा शेजार फुकट गेला नाहीं. वडिवेलु व्हायोलिनवादनांत नामांकित झाले. १८३४ सालीं त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनीं त्यांस हस्तिदंती व्हायोलिन दिलें. मद्रासेकडे मुत्तुस्वामी दीक्षितांनीं बँडच्या इंग्रजी चालींवर संस्कृत रचना केल्या. त्यांत खुद्द इंग्रजांच्या राजगीताची चाल आहे. त्यांचे बंधू बालुस्वामी व्हायोलिन शिकले. एकोणिसाव्या शतकांतच क्लॅरिओनेट नर्तनाच्या साथीस बसलें. आज व्हायोलिनावांचून कर्नाटक संगीताची बैठक पुरी होत नाहीं.

१८३२ च्या मार्चमध्यें सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ सालीं पुत्रावांचून वारले, तेव्हां कंपनीनें उरलासुरला मानही खालसा केला. राजाची फौज आधींच गेली होती. आतां गादीही गेली. परंतु परक्याच्या फौजेंतून दक्षिणेंत आलेलीं वाद्यें तेथील गवयांनीं आपलींशीं केलीं होतीं, आणि तीं कोणत्याही तहानें परत जाणारीं नव्हतीं. शरीफजी जेथें पडले, त्या भातवडीच्या आसपास आज वरातीपुढें क्लॅरिओनेट वाजूं लागलें, तर ऐकणारानें भोसले कुळांतल्या या शांत राजाची क्षणभर आठवण करावी.