पांच रेषांवर दोन कंठ

अनेक कंठांनीं एकाच वेळीं निरनिराळे स्वर गावयाचे, आणि तरीही गीत एकच राहावयाचें, ही पाश्चात्त्य वृंदगायनाची रीत होय. गोव्याचा मांडोही बहुधा दोन कंठांत गाइला जातो. कानाला हा मेळ सुखद वाटतो. परंतु तो कागदावर उतरविणें हें मुद्रकाला पांचशें वर्षें कसोटीचें काम होऊन राहिलें आहे.

व्हेनिस येथील पेत्रुच्ची यानें १५०१ सालीं सुट्या खिळ्यांनीं अनेककंठी संगीताचें पहिलें पुस्तक छापिलें. रेषा एकदां व स्वर पुन्हां, असा एकच कागद त्याला अनेक वेळां छापावा लागे. पुढें पॅरिसच्या आतेन्याँ यानें १५२८ सालीं स्वर आणि त्यामागील रेषांचा तुकडा एकाच खिळ्यावर आणिला. श्रम वांचले, पण एका पंचरेषेवर दोन कंठ बसविणें फार अवघड झालें. लाइप्झिगच्या ब्राइटकोप्फनें सुमारें १७५५ सालीं खिळ्याचे आणखी बारीक भाग पाडले, डोकें निराळें आणि दांडी निराळी, तेव्हां ती अडचण बरीच दूर झाली.

आज संगणकानें खिळे नाहींसे केले. मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. समजा, सोप्रानो दोन मात्रांचा एक स्वर धरून आहे, आणि तेवढ्याच अवधींत आल्टो एकेका मात्रेचे दोन स्वर गाते. हे तिन्ही स्वर एकापुढें एक भरले, तर दोन मात्रांच्या चार होतात. एकावर एक रचले, तर यंत्र त्यांना सारख्या लांबीचे समजतें. कोणता स्वर कोणत्या कंठाचा, हें मनुष्यानेंच सांगावें लागतें. म्यूझस्कोर या साधनांत एका पंचरेषेवर चार कंठांची सोय आहे. पडद्यावर निवडलेला स्वर पहिल्या कंठाचा असला तर निळा, दुसऱ्याचा असला तर हिरवा दिसतो. प्रत्येक कंठाच्या मात्रा स्वतंत्रपणें मोजल्या जातात.

मग जुना दंडक लागू होतो. वरच्या कंठाच्या दांड्या वर, खालच्याच्या खालीं. दोघे एकाच स्वरावर, सारख्याच मात्रेनें आले, तर एका डोक्याला दोन दांड्या. स्वर लगतचे असले, तर एक डोकें किंचित् बाजूस सारावयाचें. विरामचिन्हेंही आपापल्या कंठाकडे वर किंवा खालीं न्यावयाचीं.

या शेवटच्या नियमाची उपेक्षा झाली, कीं तिचें फळ तालमींत दिसतें. मधोमध पडलेलें विरामचिन्ह सोप्रानोचें असतें. आल्टोची गायिका तें आपलें समजून स्तब्ध राहते, आणि सारा मेळ विसकटतो. चूक तिची नव्हे, पान जुळविणाराची.

हा दोष यंत्राकडून वाजवून घेतल्यानें उमगत नाहीं. चिन्ह कोठेंही बसलें तरी ध्वनि तोच निघतो. म्हणून पान छापून घ्यावें, आणि एकेका कंठाची वाट बोटानें, आरंभापासून शेवटपर्यंत, एकट्यानें चालून पाहावी. जेथें बोट अडखळेल, तेथें गाणाराचा कंठही अडखळणार.